ऐरोलीत नोकरी, १ बीएचके भाड्याने हवा. कुठे बघू?

मुक्काम पोस्ट नांदेड
पुढच्या महिन्यात ऐरोलीत जॉइन व्हायचंय, ऑफिस स्टेशनला लागूनच. आम्ही नवरा-बायको दोघंच. भाडं २० हजारांपर्यंत जमेल. एक एजंट फोटो पाठवून "आजच टोकन टाका, नाहीतर फ्लॅट जाईल" म्हणतोय. डिपॉझिट ६० हजार, ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट नोटरी करून देणार. कोणी डोंबिवली सुचवतं, कोणी घणसोली गाव. जाणकारांनी सांगावं.

खाडीकाठ
आधी टोकन थांबवा. फोटोवर घर घेऊ नये. पहिले पंधरा दिवस पीजी किंवा कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने) काढा आणि ऑफिस सुटल्यावर घरं बघा.

जागा ठरवताना नकाशावरचे किलोमीटर मोजू नका, गाडी किती वेळा बदलावी लागते ते मोजा. ऐरोली ट्रान्स हार्बरवर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या लोकल मार्गावर आहे. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही पुढची स्टेशनं, तिथून थेट गाडी. नेरूळ-पनवेलहूनही ठाण्याकडे थेट लोकल आहेत, फक्त दोन गाड्यांमधला वेळ जास्त असतो. डोंबिवलीहून मात्र सकाळच्या गर्दीत ठाण्याला उतरायचं, पूल चढायचा, ट्रान्स हार्बरचा फलाट गाठायचा आणि संध्याकाळी हेच उलट. भाड्यात वाचलेले दोन पैसे गुडघ्यांतून वसूल होतात.

मुलुंडही विसरू नका. खाडीपुलावरून ऐरोली जवळ आहे, पण तिथे तुमच्या बजेटमध्ये मिळणं कठीण.

गावठाणातला
घणसोली गाव, गोठिवली, तळवली, रबाळे गाव इथे भाडं कमी असतं, त्याला कारण आहे. बऱ्याच इमारतींना ओसी, म्हणजे पालिकेचा भोगवटा दाखला नसतो. लाइट पुष्कळदा सबमीटरवर (मालकाच्या मुख्य मीटरवरून काढलेला पोटमीटर), म्हणजे युनिटचा दर मालक सांगेल तो. गाडी लावायला जागा नाही. पण बॅचलरना किंवा नव्या जोडप्यांना नाक मुरडणाऱ्या सोसायट्यांपेक्षा इथले मालक सरळ बोलतात, हेही खरं. घ्यायचंच असेल तर स्वतंत्र मीटर असलेलं घ्या. महावितरणच्या बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक अ‍ॅपवर टाकला की थकबाकी दिसते. चावी घेताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून मालकाला तेव्हाच पाठवा.

खाडीकाठ
सबमीटरचा मुद्दा पटला. ओसी नसलेल्या घराची शिफारस मी तरी करणार नाही.

घर बघताना: पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं, हे एजंटला नाही, वॉचमनला विचारा. बाथरूममध्ये अर्धी बादली ओता. पाणी जाळीकडे न जाता दाराकडे आलं तर उतार चुकलाय, तो भाडेकरूच्या हातून दुरुस्त होत नाही. पश्चिमेकडची भिंत बघा, पावसाचा मार तिथेच. खोलीत एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर कपाटामागे बोट फिरवा. पापुद्रा सुटला किंवा पांढरी भुकटी लागली, म्हणजे ओल रंगाखाली झाकलीय. फोन बेडरूममध्ये उभं राहून लावून बघा.

कागदवाला
आता त्या नोटरीचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, तुमच्यासारखाच) लेखी आणि नोंदणीकृत हवाच, मग तो ११ महिन्यांचा असो की ३६. "११ महिन्यांना नोंदणी लागत नाही" हे इथे चालत नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वाद झालाच तर कराराच्या अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध करणं मालकावर येतं.

खर्च फार नाही. २४ महिन्यांचा हिशोब करा. भाडं २०,००० × २४ = ४,८०,०००. डिपॉझिटवर १० टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज १२,०००. बेरीज ४,९२,०००, तिच्यावर ०.२५ टक्के मुद्रांक, म्हणजे १,२३०. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर एजंट घरी मशीन घेऊन येतो त्याचे पैसे, ते आधी ठरवा. दोन्ही पक्ष आणि दोन साक्षीदारांचे आधारवर अंगठे लागतात.

मालकाचं नाव इंडेक्स-२ वर, म्हणजे घराच्या नोंदणीकृत व्यवहाराच्या सरकारी उताऱ्यावर बघा. मालक परदेशात असेल तर सही करणाऱ्याकडे कुलमुखत्यारपत्र हवं. "मी फौजी, पोस्टिंगवर आहे, क्यूआर स्कॅन करा, पैसे परत येतील" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे यायला स्कॅनही लागत नाही, पिनही नाही.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या: लॉक-इन (घर सोडता येणार नाही अशी मुदत) किती, नोटीस किती, आणि सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का. डिपॉझिटची भांडणं बहुतेक रंगावरूनच होतात. भाडेकरूची माहिती पोलिसांच्या ऑनलाइन फॉर्मवर भरून पावती सोसायटीला द्या.

मुक्काम पोस्ट नांदेड
हातात किती रक्कम ठेवू? आणि मालक नोंदणीला नाहीच म्हणाला तर?

कागदवाला
डिपॉझिट ६०, पहिलं भाडं २०, दलाली बहुधा एका महिन्याच्या भाड्याएवढी म्हणजे आणखी २०. करार आणि टेम्पो धरून १ लाख १० हजार ठेवा. डिपॉझिट बँकेतूनच द्या, रोख नको.

मालक नाही म्हणत असेल तर बहुतेकदा भाड्याचं उत्पन्न दाखवायचं नसतं. मग तो पॅनही देणार नाही. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं की एचआरएसाठी (पगारातल्या घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी) ऑफिस तेच मागतं. जुन्या कररचनेत असाल तर ही सूट हातची जाईल. दुसरं घर बघा.