मार्चमध्ये मनालीच्या वर बर्फात जायचंय, धोक्याचा उतार ओळखायचा कसा?

प्रश्न:
आम्ही चौघं सोलापूरचे. मार्चमध्ये मनालीच्या वर दोन दिवस, गाइडशिवाय जायचं म्हणतोय. कळसूबाई, हरिश्चंद्रगड झालेत, पण बर्फावर कुणीच चाललेलं नाही. आई विचारते, वरून बर्फ आला तर काय करशील? मला उत्तर देता येईना. उतार बघून कळतं का?

उत्तर:
दादा, मी जुळे सोलापूरचा. तिकडे कोर्स केलाय, म्हणून कळकळीनं सांगतो, गाइडशिवाय जाऊ नका. हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं, आणि नवख्याला नेमका तोच उतार 'जमेल' असा वाटतो. तुम्ही सपाटीवर असलात तरी वरचा उतार बघा. मोबाइलवर कोन मोजता येतो. ताजा बर्फ पडला किंवा जोराचा वारा सुटला, तर पुढचे एक-दोन दिवस मुक्कामीच थांबा. पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज आला, बर्फात भेग पळाली, की आतला थर कच्चा आहे असं समजून मागे फिरायचं. मी तो आवाज ऐकलाय. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

दुसरं उत्तर:
डीजीआरईचं (डीआरडीओची हिमस्खलनाचा अंदाज देणारी संस्था) हिमस्खलन बुलेटिन रोज बघा. ट्रान्सीव्हर (गाडलेल्या सोबत्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवं. गाडला गेलेला माणूस पंधरा मिनिटांच्या आत निघाला तर वाचायची आशा बरीच असते, पुढे ती झपाट्यानं घटते. तेवढ्या वेळात खालून मदत येत नाही, सोबत्यांनीच खणावं लागतं.

प्रश्नकर्ता:
गाइड ठरवतोय. हे आईलाही वाचून दाखवलं.