मदत हवी आहे: आईला सावंतवाडीला न्यायचंय, तलावाकाठी राहायची सोय कुठे होईल?

नमस्कार मंडळी, मी लालबागला राहते. आईचं बालपण सावंतवाडीत गेलं. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे बरीच वर्षं तिकडे जाणं झालेलं नाही. दिवाळीनंतर चार दिवस तिला घेऊन जायचं ठरवलंय. दादरहून तुतारी एक्सप्रेसने जाऊ.

तिला फार काही बघायचं नाही. सकाळ-संध्याकाळ मोती तलावाच्या कठड्यापाशी बसायचं, समोरचा राजवाडा बघायचा, दिवे लागले की ते पाण्यात कसे हलतात ते बघायचं, एवढंच. त्यामुळे आंबोली वगैरे सुचवू नका, तो घाट तिला झेपणार नाही. तलावाजवळ तळमजल्यावर खोली मिळेल असं घरगुती ठिकाण कुणाला माहीत आहे का? जेवण मालवणी असेल तर उत्तमच.

दुसरं, चितारआळी. लाकडी आंबे, केळी, सीताफळं, भातुकलीचं पोळपाट-लाटणं ही तिची लहानपणीची दौलत. लेथवर खेळणी घडवताना आणि रंगवताना बसून बघू देणारा कारागीर अजून तिथे आहे का? आणि हाताने रंगवलेला दशावतारी गंजिफा घ्यायचा आहे, 120 गोल पत्त्यांचा पूर्ण संच. तो राजवाड्यातच मिळतो, की आधी सांगून ठेवावा लागतो? साधारण किंमत कळली तर पैसे बाजूला काढून ठेवीन.

स्टेशन गावापासून लांब आहे. गाडीतून उतरल्यावर रिक्षा सहज मिळते का, हेही कृपया सांगा.