वारीतले चेहरे : आधी विचारायचं की आधी टिपायचं?

रानजाई :
आषाढी वारीत कॅमेरा घेऊन चालणारी तरुण मंडळी दरवर्षी दिसतात. माझं मत स्पष्ट आहे. दिवे घाटात कठड्यावर बसून 200 मिमीच्या (लांबचं जवळ आणणाऱ्या) लेन्सने खेचलेल्या चेहऱ्याला पोर्ट्रेट म्हणू नये. 50 मिमीची साधी लेन्स लावा, दीड-दोन मीटरवर जा, कॅमेरा छातीशी खाली धरा, ‘माउली’ म्हणून हात जोडा आणि विचारा. गाव कोणतं, कितवी वारी, एवढं बोलणं झाल्याशिवाय बटण दाबू नका.

खटका :
साफ असहमत. विचारलं की माणूस टोपी सारखी करतो, हात मांडीला चिकटवतो आणि ताठ होतो. झाला आधारकार्डाचा फोटो! शिवाय चालत्या दिंडीत एकाला थांबवलं की मागची रांग अडखळते, टाळांचा ठेका तुटतो. आधी टिपा, लगेच पडद्यावर दाखवा, नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसा. ही पण परवानगीच.

रानजाई :
चालत्या दिंडीत थांबवा असं कोण म्हणतंय? विसाव्याला जा, नाहीतर सकाळी मुक्काम हलायच्या आधी. आणि ते ताठ दोन-तीन फोटो मुकाट काढा; घरच्यांना तेच हवे असतात. गप्पा चालू राहिल्या की चौथ्या-पाचव्याला खांदे सैल पडतात. विणेकऱ्याला मात्र पोझ द्यायला सांगू नये, वीणा खाली ठेवता येत नाही.

अर्धा_स्टॉप :
वाद चालू द्या, पण निम्मे फोटो परवानगीमुळे बिघडत नाहीत, उजेडाचं मोजमाप चुकल्यामुळे बिघडतात. पांढरी टोपी, सदरा आणि धोतराने चौकट भरली की कॅमेरा फसतो, सगळंच काळवंडतं आणि सावळा चेहरा गडप होतो. एक्स्पोजर +0.7 ते +1 वाढवा किंवा स्पॉट मीटरिंग करा, म्हणजे फक्त चेहऱ्यावरचा उजेड मोजा. चालत्या माणसाला शटरचा वेग 1/250 सेकंदाच्या खाली नको. राहुटीच्या निळ्या ताडपत्रीखाली कातडी निळी पडते, नंतर व्हाइट बॅलन्सने (रंगछटा सुधारून) ती नीट सुटत नाही. माणसाला कडेला, उजेडाकडे तोंड करून बसवा. मोबाइलवाल्यांनी 1x झूमने हातभर अंतरावरून काढू नये, नाक फुगतं. 2x लावून मागे सरका.

पोस्टमन_काका :
फोटो मिळणार कसा, ते कुणीच बोलत नाही. ‘पाठवतो’ म्हणायचं आणि विसरायचं, हा खरा अपराध. नुसतं ‘वडगाव’ लिहून घेऊ नका, वडगावं ढिगानं आहेत. तालुका, जिल्हा, पिनकोड घ्या. दिंडी क्रमांक घेताना दिंडी पालखीच्या रथापुढे की रथामागे तेही लिहा, दोन्हीकडे क्रमांक वेगळे चालतात. त्याच संध्याकाळी राहुटी शोधता येते.

खटका :
किंवा सरळ इन्स्टॅक्स मिनी न्या, जागच्या जागी छापील फोटो देणारा कॅमेरा. हातात फोटो ठेवा.

पोस्टमन_काका :
एका पॅकमध्ये 10 कागद. पहिला फोटो बाहेर आला की भोवती पंधराजण. अकराव्या आजीला काय सांगणार? शिवाय चित्र 62 × 46 मिमीचं, त्यात चार जण बसवले तर चेहरे तांदळाएवढे. रंग चढेपर्यंत पावसाचे थेंब आणि घडी दोन्ही टाळायचं. त्यापेक्षा 4 × 6 इंचाची प्रत टपालाने बरी.

रानजाई :
खटकाच्या ‘आधी टिपा, मग पुसा’वर बोलायचं राहिलंच. शरबत गुला या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो 1984 मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत निघाला, 1985 मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाच्या मुखपृष्ठावर जगभर गेला आणि तिचं नाव जगाला 2002 मध्ये कळलं. नाव आधी विचारलं असतं तर?

खटका :
तो फोटो समोरून, डोळ्यांत बघून काढलेला आहे, लपून नव्हे. म्हणजे तुमच्यासारखं समोर जाऊन काढूनही नाव राहिलंच! अंतरापेक्षा नाव-गाव लिहायची वही महत्त्वाची, एवढं मान्य करतो. इन्स्टावर टाकायचं असेल तर वेगळं विचारावं, हेही मान्य. पण घाटात 200 मिमी मी लावणारच, तिथे गर्दीत घुसून दीड मीटरवर उभं राहिलात तर आधी लोकांच्या पायात याल.