दाखल्यावर जिल्हा रत्नागिरी, गाव मात्र देवगडचं. खरं काय?

प्रश्न (लालबाग): आई १९६२ ची. शाळेच्या दाखल्यावर 'ता. देवगड, जि. रत्नागिरी' लिहिलंय. आता अर्जात सिंधुदुर्ग भरायचं की रत्नागिरी?

उत्तर १: दाखला बरोबरच आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. जन्मस्थळ दाखल्याप्रमाणे, सध्याचा पत्ता सिंधुदुर्ग.

उत्तर २ (परळ, मूळ कुडाळ): आमच्या कुडाळ-सावंतवाडीची गोष्ट आणखी वेगळी. तिथे भोसल्यांचं सावंतवाडी संस्थान होतं, स्वातंत्र्यानंतर ते रत्नागिरीत विलीन झालं. देवगड, मालवण मात्र इंग्रजांच्या काळापासून रत्नागिरीतच. जुना रत्नागिरी जिल्हा मंडणगडपासून गोव्याच्या हद्दीपर्यंत पसरलेला. दोडामार्गाकडच्या माणसाला कलेक्टर कचेरीत एका कामासाठी जायचं म्हणजे केवढा प्रवास! म्हणून ओरोसला मुख्यालय झालं, याचं मला आजही मोल वाटतं. नाव मालवणच्या किल्ल्यावरून, शिवरायांनी १६६४ मध्ये बांधायला घेतला तो. हायवेने जाताना खारेपाटण आलं की आपला जिल्हा सुरू.

प्रश्नकर्ती: आभारी आहे दादा. आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, जुना दाखला जपून ठेव, त्यावर खाडाखोड करून घेऊ नकोस.

उत्तर २: बरोबर बोलतायत त्या. जुन्या कागदाला हात लावू नका.