प्रतिसाद: आंब्याच्या पेस्ट्रीचा तळ ओला राहण्याबाबत

आंब्याचे सारण भरून भाजलेल्या पेस्ट्रीचा (म्हणजे लोणी घालून लाटलेल्या, पदर सुटणाऱ्या पेस्ट्रीचा, केकचा नव्हे) तळ ओला राहतो, अशी तक्रार चर्चेत आली आहे. सारण पातळ असल्यामुळे असे होते हे तिथले निरीक्षण योग्य आहे, मात्र त्यावर सुचवलेला कॉर्नफ्लोअर वाढवण्याचा उपाय मला अर्धाच पटतो, कारण त्याने सारण घट्ट दिसले तरी फळातील पाणी आतच राहते आणि हापूसचा स्वाद मात्र पिठूळ होतो. आपल्याकडे वर्षभरासाठी आटवून ठेवतात तो आंब्याचा मावा यासाठी अधिक उपयुक्त आहे. त्यातील बरेचसे पाणी आधीच उडालेले असते. तो पूर्ण थंड करूनच भरावा आणि पेस्ट्रीला वरून एक-दोन चिरा द्याव्यात.

चर्चेत राहून गेलेला मुद्दा लोण्याचा आहे. लोणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते, आणि मे महिन्यात रत्नागिरी-मालवणकडचे स्वयंपाकघर जवळपास तेवढेच तापलेले असते, त्यामुळे लाटतानाच लोणी पिठात मुरते व पदर सुटत नाहीत. बाजारातील लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते आणि ओव्हनमध्ये त्याचीच वाफ पदर उचलते. तुपात पाणी जवळजवळ नसल्याने तुपाची पेस्ट्री खुसखुशीत होते, पण तशी फुलत नाही. मी पहाटे पीठ लाटते, प्रत्येक घडीनंतर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवते आणि भरलेल्या पेस्ट्रीही थंड करूनच २०० अंशांवर, खालच्या जाळीवर भाजते. वीज जाण्याची शक्यता असेल त्या दिवशी (पावसाळ्यात हे वेगळे सांगायला नको) साट्याच्या (तूप-पिठाचे मिश्रण लावून पदर पाडलेल्या) करंज्या तळणेच शहाणपणाचे.