मदत हवी आहे: 'ब्रेक'ला मराठीत मोडणे, फुटणे की तुटणे?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. लेक आठवीत आहे. शाळेने काम दिलंय: इंग्रजीतला एक नेहमीचा शब्द घ्या, त्याचे जमतील तितके अर्थ गोळा करा आणि प्रत्येकाला मातृभाषेतलं वाक्य लिहा. तिने 'ब्रेक' घेतला, सोपा वाटला म्हणून.

पहिल्याच पानावर गाडी अडली. तिने लिहिलं होतं, 'माझ्या हातून कप तुटला', 'त्याने नियम तोडला'. आमच्याकडे दिवसभर कानावर हिंदी, आणि हिंदीत कपही टूटतो, नियमही टूटतो. खरं सांगतो, मलाही काही खटकलं नाही. पण आई मूळची सांगलीची. चहा गाळता गाळता म्हणाली, "अगं, कप फुटतो. तुटतो तो मांजा. नियम मोडतात, आणि तोडतात ते अकलेचे तारे."

मग तिने कपाटातून माझा जुना चष्मा काढून टेबलावर ठेवला. काडी मोडलेली, एक काच फुटलेली, गळ्यात अडकवायची दोरी तुटलेली. इंग्रजीत तिन्ही ब्रोकन. लेक बघतच राहिली. साडेअकरापर्यंत बसलो आम्ही.

पाय मोडतो, वचन मोडतं, उपास मोडतो, पाचशेची नोट मोडतो. नोट इंग्रजीतही 'ब्रेक'च करतात, हे मला माहीत नव्हतं. पहाटे तांबडं फुटतं, वयात येणाऱ्या पोराचा आवाज फुटतो, दरदरून घाम फुटतो, लाट फुटते. या चारही जागी तिकडेही ब्रेकच! पण परीक्षेचा पेपर आपल्याकडे फुटतो, त्यांच्याकडे गळतो. आणि ब्रेकिंग न्यूज म्हणजे नुसती ताजी बातमी. आपली बातमी फुटते तेव्हा आतल्या कुणाचं तरी तोंड सैल सुटलेलं असतं.

काही ठिकाणी तिन्ही क्रियापदं निरुपयोगी. गाडी ब्रेकडाउन झाली म्हणजे बंद पडली, ब्रेक इव्हन म्हणजे घातलेले पैसे निघाले, 'आय ॲम ब्रोक' म्हणजे खिशात दमडी नाही. ब्रेकफास्ट म्हणजे रात्रभराचा उपास सोडणं. इंदुरात तो पोहे-जिलबीवर सुटतो. रणजी करंडक 4 वेळा जिंकलेल्या होळकर संघाच्या गावात पोरीला लेगब्रेक म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, हे दुःख वेगळंच. गाडीचा ब्रेक मात्र तिला खोडायला लावला. देवनागरीत सारखा दिसला तरी त्याचं स्पेलिंग निराळं, शब्दच दुसरा.

आता अडलंय ते असं. 'ब्रेक द आइस'ला काय लिहू? अनोळखी लोकांतला अवघडलेपणा घालवायला कुणीतरी पहिलं बोलतं, तो अर्थ. आई म्हणते 'कोंडी फोडणे'. पण कोंडी फुटते ती अडलेल्या वाटाघाटींची. लग्नघरात दोन विहीणबाई गप्प बसल्या असतील तर तिथे ते फार जड वाटतं.

वाईट बातमी जपून 'ब्रेक' करण्याला आम्ही 'कानावर घालणे' लिहिलंय. जपून हा भाग त्यात येतो का?

नाटकवाले प्रयोगाआधी एकमेकांना 'ब्रेक अ लेग' म्हणतात, म्हणजे शुभेच्छाच. असं उलटं बोलून भलं चिंतायची आपल्याकडे काही पद्धत? आईला एवढंच आठवलं की हातातली काचेची बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणायचं, आणि देवापुढे नारळ 'वाढवायचा'. पण हे अशुभ शब्द टाळणं झालं, तिकडे तर मुद्दाम अशुभच बोलतात. एका पानावर शेजारी शेजारी द्यावं का?

शेवटचं: ताठ ते मोडतं, ठिसूळ किंवा पोकळ ते फुटतं, ओढलं जाणारं ते तुटतं, असा नियम लेकीने स्वतः काढलाय. मला बरा वाटतोय, पण नातं तुटतं आणि लग्न मोडतं, ते यात कसं बसवायचं?

उद्या रात्रीपर्यंत सुचवा. परवा सकाळी सातला तिची बस येते.