ताईच्या बेसिनच्या चिरा आणि अर्धा मिलिमीटर जेलकोट : घरच्या ग्रुपवरची चर्चा

ताई : फोटो टाकलेत, बघा जरा. न्यू जर्सीतल्या एडिसनचं हे घर १९८६ चं आहे, बाथरूम अजून मूळचीच. ओटा आणि बेसिन सलग एकाच तुकड्याचं, पांढऱ्यावर करड्या रेघा. इथे याला कल्चर्ड मार्बल म्हणतात. आमच्या खोलीतलं नुसतं निस्तेज झालंय, नळाखाली तळव्याएवढा पांढुरका पट्टा आहे. पण पाहुण्यांच्या बाथरूममध्ये बेसिनचं पाणी जायच्या जाळीभोवती केसासारख्या चिरा आहेत, त्यांच्या कडा तपकिरी झाल्यात. घासून पाहिलं, जात नाहीत. अण्णामामा, तुमची आठवण आली.

माईमावशी : अगं, व्हिनेगर लाव. रात्रभर ओला कपडा ठेव, सकाळी चकचकीत.

अण्णामामा : माई, थांब. बाळ, रात्रभर काहीही ठेवू नकोस. आधी दोन्ही बेसिनांवर बॅटरी आडवी धर आणि चिरेवरून नख फिरव. नख अडकतं का, एवढंच सांग.

ताई : पाहुण्यांच्या बेसिनला अडकतं. जाळीपासून चहूकडे पसरल्यात, सगळ्यात लांब चीर माझ्या करंगळीएवढी. आमच्या बेसिनला नख कुठेच अडकत नाही, फक्त हाताला खरखरीत लागतं.

अण्णामामा : मग तुझी दोन वेगळी दुखणी आहेत. सविस्तर लिहितो, कारण हा माल मी भोसरीच्या कारखान्यात हाताने ओतलाय आणि त्याची वाट लागताना बघवत नाही.

हा खाणीतून काढलेला दगड नव्हे. पॉलिएस्टर रेझिनमध्ये संगमरवराची किंवा चुनखडीची पूड कालवून ओतलेलं कास्टिंग आहे हे. वजनाने साधारण तीन भाग पूड, एक भाग रेझिन. आम्ही उलट्या बाजूने सुरुवात करायचो. आधी मोल्डला वॅक्स लावून घोटायचं, मग त्यावर जेलकोटचा, म्हणजे बिनपुडीच्या रेझिनच्या पातळ थराचा, फवारा. तो जरा धरला की मागून मिश्रण ओतायचं. मोल्डमधून काढल्यावर तुला जी चकाकी दिसते ती त्या जेलकोटची, आणि त्याची जाडी असते जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्या करड्या रेघा म्हणजे पांढऱ्या मिश्रणात करडा रंग टाकून काठीने मारलेले दोन वळसे. तिसरा वळसा मारला की सगळा माल राखाडी. जेलकोट पारदर्शक असतो म्हणून रेघा खोल दिसतात.

तेव्हा जे काही करायचं ते त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये. तुमच्या बाथरूमच्या बेसिनचा फक्त वरचा पापुद्रा खरवडला गेलाय, आधीच्या मालकांनी घासायची पावडर वापरली असणार. ते परत चमकेल. पाहुण्यांच्या बेसिनची चीर जेलकोटच्या आरपार गेलीय, पाणी आत शिरून खालची पूड मळलीय. तिला कुठलंही पॉलिश लागू पडणार नाही.

सोनू : अण्णाआजोबा, पण चिरा जाळीभोवतीच का पडल्या?

अण्णामामा : छान विचारलंस. नळाचं पाणी पडतं तिथेच. थंडीत बेसिन गार असतं, वरून कढत पाणी आलं की जेलकोट एकदम प्रसरतो आणि मागचं जाड कास्टिंग सावकाश तापतं. दोघांची ओढाताण रोज, चाळीस हिवाळे. त्यात भोकाच्या कडेला ताण मुळातच जास्त, आणि प्लंबरने जाळीचा नट पाना लावून आवळला असेल तर अजून वाढतो. ताई, तळघरातला गीझर किती अंशांवर आहे?

ताई : १४० फॅरनहाइट लावलेला होता, आत्ताच बघून आले.

अण्णामामा : १२० वर आण, म्हणजे आपले ४९ अंश. आणि आधी गार पाणी सोडायचं, मग गरम. हे पोरांनाही सांग.

माईमावशी : मग माझ्या व्हिनेगरचं काय चुकलं? मी तर आमच्या न्हाणीघरात लावते.

अण्णामामा : माई, तुझ्या कोल्हापूरच्या न्हाणीत मकराण्याचा खरा संगमरवर आहे. तो मुळात चुनखडीच. आम्ल पडलं की दगडच विरघळतो, फसफसतो ना, ते तेच. तुझ्या बादलीखालचा जो गोल धुरकट डाग तू दोन वर्षं घासतेयस, तो डाग नाहीच. तिथलं पॉलिश आम्लाने खाल्लंय. घासून कधीच जाणार नाही. फरशी पॉलिशवाल्याला बोलाव, तो हिऱ्याच्या पॅडने घोटून वरून पावडर मारून आणेल. आणि व्हिनेगर, लिंबू, संडासाचं क्लीनर त्या फरशीवर आजपासून बंद.

ताईच्या मालावर मात्र गोष्ट जरा निराळी. जेलकोट धड असेल तर पातळ व्हिनेगर त्याला काही करत नाही, कारण वर प्लास्टिक आहे. पण जिथे जेलकोट झिजलाय किंवा चिरलाय तिथे ते थेट चुनखडीच्या पुडीला भिडतं. म्हणून चिरांच्या बेसिनला थेंबही नको. धड भागावर क्षार धरले असतील तर अर्धं पाणी अर्धं व्हिनेगर, कपड्याने लावून दोन-तीन मिनिटांत धुऊन टाकायचं.

माईमावशी : दोन वर्षं घासतेय रे मी ते. आधी का नाही बोललास?

अण्णामामा : गेल्या गणपतीत आलो तेव्हा त्यावर पायपुसणं होतं माई. चूक माझी, उचलून बघायला हवं होतं.

वहिनी : ताई, रोजच्या सफाईला भांड्यांचा साधा साबण आणि मऊ कपडा पुरे. आमच्या ह्यूस्टनच्या घरात टबाभोवतीच्या भिंतीसुद्धा याच मालाच्या आहेत. अंघोळ झाली की रबरी वायपरने पाणी ओढते, क्षार धरतच नाहीत. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र सांडलं की लगेच पुसायचं, आणि केसांचा रंग लावताना खाली टॉवेल. माझ्या ओट्यावर त्या रंगाचा एक ठिपका आहे, चार वर्षं झाली, तसाच आहे.

बाळूदादा : आता चमक कशी आणायची ते मी सांगतो, कारण आमच्या गोव्यातल्या बेतूलला हेच काम रोजचं. फायबरच्या होडीवरचा जेलकोट आणि तुझ्या बेसिनवरचा, दोघे सख्खे भाऊ. उन्हाने होडीचा जेलकोट खडूसारखा होतो, हात फिरवला की पांढरी भुकटी येते. तो आम्ही असा परत आणतो.

आधी बेसिन साबणाने धुऊन कोरडं कर. जुनं वॅक्स, तेलकटपणा काही राहायला नको. मग वॉटर पेपर, रबरी ठोकळ्याला गुंडाळून. बोटांनी धरलास तर बोटांचे खड्डे पडतात. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाक. नंबर मोठा तितका पेपर बारीक. १००० नंबरपासून सुरू कर, ओरखडे राहिलेच तर ८०० वर ये, त्याखाली शक्यतो जाऊ नकोस. मग १५००, मग २०००. प्रत्येक नंबरला दिशा बदलायची, आधी उभं घासलं तर पुढचं आडवं, म्हणजे आधीच्याचे ओरखडे गेले की नाहीत ते दिसतं. नंबर बदलताना बेसिन, ठोकळा, हात, सगळं धुवायचं. आधीच्या पेपरचा एक कण राहिला तरी १५०० च्या कामात ओरखडा पडतो.

त्यावर रबिंग कंपाउंड, म्हणजे चोळून ओरखडे काढायची पेस्ट, मग बारीक पॉलिश. मशीन असेल तर सर्वांत कमी वेगावर, आणि पॅड एका जागी थांबवायचं नाही. जेलकोट तापला की करपतो. शेवटी कार्नोबा वॅक्स, पातळ हात. तिकडे जेल-ग्लॉस म्हणून मिळतं, तेही चालतं.

अण्णामामा : बाळूचं एकेक वाक्य बरोबर. एकच भर घालतो : बेसिनच्या ओठावर आणि ओट्याच्या पुढच्या गोल कडेला ठोकळा टेकवू नकोस. कडेवर जेलकोट आधीच पातळ असतो, चार हात मारलेस की खालची पूड उघडी पडते. तिथे रेघेचा रंगच बदलतो आणि ते मग कशानेही भरून येत नाही.

वहिनी : आणि शॉवरच्या तळाला किंवा टबात वॅक्स अजिबात नको. पाय घसरतो. भिंतींना लाव, तळाला नाही.

ताई : समजलं. आता पाहुण्यांचं बेसिन. इथे रिफिनिशिंगवाले येतात, ते म्हणतात चिरा भरून वरून फवारा मारू, नव्यासारखं होईल. एकाने ४०० डॉलर सांगितले. एका दिवसाचं काम म्हणाला.

अण्णामामा : त्याला दोन प्रश्न विचार. जुना थर काढायला काय वापरणार, आणि हवा बाहेर कशी काढणार?

हे मी घाबरवायला लिहीत नाही. मिथिलीन क्लोराइडचं रंग काढायचं द्रावण असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड. बंद बाथरूममध्ये टबात वाकून काम करणाऱ्या माणसाच्या नाकाशीच ती साचते. २००० ते २०११ या काळात अमेरिकेत टब रिफिनिश करताना त्याने १३ कारागीर गेले, हे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने नोंदवलंय. घरगुती वापरासाठी ते विकायला तिथल्या पर्यावरण खात्याने २०१९ मध्ये बंदी घातली. असं द्रावण घेऊन कुणी आला तर त्याला दारातूनच परत पाठव, त्याच्याही भल्यासाठी. फवाऱ्याचा रंग दोन भागांचा युरेथेन असेल तर त्यात आयसोसायनेट असतं, ते दम्याच्या माणसाला फार वाईट. छोटीला दमा आहे ना? मग त्या दिवशी तिला घरात ठेवू नकोस, वास पूर्ण जाईपर्यंत नको.

आणि फवारा चिकटतो कधी, तर खालचा पृष्ठभाग घासून खरखरीत केला, चिरा व्ही आकारात खोदून पुटी भरली, प्रायमर दिला तर. नुसता धुऊन रंग मारला तर वर्षभरात जाळीभोवती पापुद्रे निघतात, कारण पाणी, गरम-गार, जाळीचा ताण, सगळं तसंच.

ताई : म्हणजे करू की नको?

अण्णामामा : टबाच्या भिंती असत्या तर कर म्हणालो असतो, त्या उखडणं म्हणजे बाथरूम फोडणं. पण हा सुटा ओटा आहे. चिरा जाळीलाच आहेत, म्हणजे सगळ्यात जास्त पाणी लागणाऱ्या जागी. ओटाच बदल. खालच्या कपाटाची रुंदी मोज.

ताई : ३० इंच.

अण्णामामा : मग ३१ चा ओटा. तिथे २५, ३१, ३७, ४९, ६१ असे ठरलेले माप असतात, कपाटापेक्षा इंचभर जास्त. खोली २२ असते बहुतेक, पण तुझी मोजून घे, आणि नळाची भोकं किती अंतरावर आहेत तेही. दुकानात नवा ओटा घेताना उलटा करून बघ. मागची बाजू बोटाने टकटक वाजव. भरीव आवाज यायला हवा. पोकळ आवाज आला तर आत हवेचा फुगा राहिलाय, तिथेच पुढे चीर पडेल. आम्ही मोल्डमधून काढल्यावर प्रत्येक नग असा वाजवून बघायचो, एक नगही न वाजवता गाडीत चढवला नाही.

सोनू : आजोबा, फुटलेला टवका मात्र घरी भरता येतो का? आमच्या ओट्याच्या कोपऱ्याला आहे, डाळीएवढा.

बाळूदादा : येतो. जेलकोटची पुटी मिळते, तिच्यासोबत छोटी बाटली हार्डनरची, म्हणजे पुटी घट्ट करणाऱ्या द्रवाची. खड्डा १५० च्या पेपरने खरवड, पुसून कोरडा कर, पुटी जरा फुगीर भर आणि वरून चिकटपट्टी घट्ट दाबून लाव. पॉलिएस्टर उघड्या हवेत वरून चिकटच राहतं, हवा बंद केली तरच वाळतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून ४०० पासून वॉटर पेपरने पातळीला आण.

अण्णामामा : आणि हार्डनर हाताळताना डोळ्यांवर चष्मा. कारखान्यात एका पोराच्या डोळ्यात एक शिंतोडा उडाला होता. नळाखाली पंधरा मिनिटं त्याचं डोकं मी धरून होतो, मग दवाखान्यात. डोळा वाचला, पण तो तांबडा डोळा मला अजून दिसतो. आणि हार्डनरमध्ये कोबाल्टचा ॲक्सिलरेटर, म्हणजे रेझिन लवकर धरायला लावणारा द्रव, कधीही थेट ओतायचा नाही, भडका उडतो. पुटीत तो आधीच घातलेला असतो, तुम्हाला वेगळा लागणारच नाही.

शनिवार

ताई : सकाळी नळाखालचा फक्त एक वीतभर भाग केला. १००० ने पाणी आधी दुधासारखं झालं, १५०० ला फिकं, २००० ला जवळजवळ स्वच्छ. कंपाउंड हातानेच चोळलं, वीस मिनिटं. पुसल्यावर वरच्या दिव्याच्या दोन्ही नळ्या आत वेगवेगळ्या दिसल्या. आधी नुसता पांढरा ढग दिसायचा. फोटो टाकतेय, डावीकडचा भाग केलेला, उजवीकडचा बाकी.

माईमावशी : रेघसुद्धा वर आलीय गं! काय सुंदर दिसतेय.

अण्णामामा : फोटो मोठा करून पाहिला. हात छान बसलाय तुझा. पण डावीकडे ओठाजवळ गेलीस, तिथे आता फक्त पॉलिश, पेपर नको. बाकीचा भाग उद्या दिवसाच्या उजेडात कर, दिव्याखाली ओरखडे लपतात.

ताई : ३१ चा ओटा मंगळवारी येतोय. दुकानात वाजवून घेतला, दोन परत ठेवले.

अण्णामामा : शाब्बास. जाळी बसवताना नट हाताने घट्ट कर, मग पान्याने फक्त पाव फेरा. गळलं तर अजून थोडा. भिंतीच्या सांध्याला सिलिकॉन भरशील तेव्हा दोन्ही बाजूंना टेप लाव आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप ओढून काढ. एक दिवस पाणी लावू नकोस.

माईमावशी : अण्णा, पॉलिशवाला बुधवारी येतोय माझ्याकडे. त्याला फोनवर धरून ठेवते, तू बोल त्याच्याशी.